तांडेल, तारवाचा धनी आणि आपले 'नाही'

नोकरी बदलावी की आहे तेथेच राहावे, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांना नवा नाही. मिशनच्या शाळेत राहावे की सरकारी शाळेत जावे, इथल्या दवाखान्यात कमी पगारावर सेवा करावी की आखाती देशात जावे, रेल्वेतील बढती घेऊन दूरच्या गावी जावे की आईवडिलांजवळ राहावे, असे प्रश्न आपल्या वडीलधाऱ्यांनी गुडघे टेकून देवापुढे ठेवले आहेत. अलीकडे काही घरांत या प्रश्नाने नवे रूप घेतले आहे. आपली मुलेमुली विमानाच्या क्षेत्रात शिरली आहेत, आणि त्यांच्यातील एखादा वैमानिक विचारतो : प्रवासी विमान कंपनीतच राहू, की एखाद्या उद्योगपतीचे खाजगी जेट चालवायला जाऊ? हा प्रश्न मोजक्या लोकांचा आहे हे खरे. परंतु त्याच्या पोटात जो प्रश्न आहे तो शिक्षक, कारकून, परिचारिका, हिशेबनीस अशा प्रत्येकाचा आहे. म्हणूनच तो येथे घेतला आहे.

आमच्या परिचयाच्या एका तरुणापुढे तो आला तो असा. हा तरुण एका प्रवासी कंपनीत सहवैमानिक. शिक्षणासाठी वडिलांनी घर गहाण ठेवलेले, कर्जाचे हप्ते अजून चालू. घरी पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी. कामाचा रोस्टर कंपनीकडून येतो. त्यात रविवार असेल तर असेल, नसेल तर नसेल. अशात त्याला एका ठिकाणाहून बोलावणे आले. तेथे एक जेट, एक मालक आणि चारच वैमानिक. पगार अधिक, उड्डाणाचे तास कमी, कॅप्टन होण्याची संधी लवकर. मात्र फोन आला की बॅग उचलून निघायचे. त्याचे वडील म्हणाले, "जा बाळा, घर सुटेल." सासरे म्हणाले, "मोठी कंपनी सोडू नये." मंडळीतील एक वडील म्हणाले, "प्रार्थना कर. देवाने दार उघडले असेल तर जा." तिघांचीही माया खरी होती. पण तरुणाच्या मनाला चैन पडेना.

तिसऱ्या सल्ल्यापासून आरंभ करू, कारण तो आपल्यात फार प्रचलित आहे. दार उघडले म्हणजे ते देवानेच उघडले, असे आपण पटकन म्हणतो. योनाचे उदाहरण पाहा. देवाच्या आज्ञेपासून पळावे म्हणून तो याफोला उतरला, तर तार्शीशला जाणारे तारू बंदरात अगदी तयार होते आणि भाडे द्यायला त्याच्यापाशी पैसेही होते. दार उघडे, तारू तयार, खिशात भाडे, आणि तरीही दिशा चुकीची! लोटानेही डोळे वर करून यार्देनेचे पाणथळ खोरे पाहिले व ते निवडले. खोरे खरोखरच सुपीक होते. त्याच्या डोळ्यांनी त्याला फसवले नाही. पण तेथे शेजारी कोण, आणि त्या शेजारात आपल्या घराचे काय होईल, एवढेच त्याने पाहिले नाही. तेव्हा उघडे दार हा पुरावा नव्हे. दारातून आत डोकावून पाहणे हे आपले काम आहे, आणि प्रार्थना केल्याने ते काम सुटत नाही.

म्हणून आधी दोन्ही घरे आतून पाहू.

प्रवासी विमान कंपनी म्हणजे मोठे यंत्र. वैमानिक किती तास काम करील, दोन उड्डाणांत किती विश्रांती घेईल, किती दिवसांनी सिम्युलेटरवर त्याची परीक्षा होईल, हे लिहून ठेवलेले असते. हवामान, इंधन, मार्ग यांचा हिशेब करणारी माणसे वेगळी असतात. वैमानिक पुष्कळदा नव्या सोबत्याबरोबर बसतो, आणि त्यामुळे प्रत्येक तपासणी मोठ्याने वाचून, उत्तर ऐकून केली जाते. मागे दीडशे-दोनशे प्रवासी असतात, पण दार बंद असते. एखाद्याला लग्नाला पोहोचायचे असेल, एखाद्याला कोर्टात. त्यांच्यापैकी कोणीही उठून कॅप्टनच्या खांद्यावर हात ठेवीत नाही.

खाजगी जेट हे लहान घर आहे. येथे वैमानिकच पुष्कळ वेळा हवामान पाहतो, परवानग्या जमवतो, इंधनाची व्यवस्था करतो, पाहुण्यांच्या सामानाला हात लावतो आणि मालकाची बैठक संपेपर्यंत परगावच्या विमानतळावर ताटकळत बसतो. हैदराबादच्या वाचकांना हे चित्र ठाऊक असेल. मार्च २००८ मध्ये प्रवासी वाहतूक शमशाबादला गेली, पण बेगमपेटच्या जुन्या धावपट्टीवर लहान खाजगी विमाने अजून उतरतात. या कामात गोडीही आहे. माणूस एकाच विमानाचा स्वभाव नीट ओळखतो, नवनवे विमानतळ पाहतो, आणि ज्याला नेतो त्याचे नाव त्याला माहीत असते. सरकारचे नियम येथेही आहेत. पण प्रवासी आणि वैमानिक यांच्यामध्ये ते बंद दार नाही. जो मागे बसला आहे, तोच महिन्याच्या अखेरीस पगार देतो.

या एका गोष्टीने किती फरक पडतो? दोन घटना सांगतो. दोन्ही अमेरिकेतील आहेत, आणि दोहोंची चौकशी होऊन अहवाल प्रसिद्ध झालेला आहे.

२९ मार्च २००१ च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसहून एक भाड्याचे गल्फस्ट्रीम जेट ॲस्पेन या डोंगराळ गावी निघाले. निघायलाच उशीर झाला होता. अंधार पडल्यावर त्या विमानाला तेथे उतरण्याची मुभा नव्हती, आणि वर हिमवृष्टी चालू होती. विमान दुसरीकडे न्यावे लागेल हे कळताच ग्राहकाकडून नाराजीचा निरोप गेला की विमान दुसरीकडे वळवले जाणार नाही. धावपट्टी दिसत नसताना विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आणले गेले आणि डोंगरउतारावर आदळले. तीन कर्मचारी व पंधरा प्रवासी, एकूण अठरा माणसे गेली. चौकशी मंडळाने वैमानिकांची चूक सांगितली, आणि त्या चुकीला हातभार लावणाऱ्या कारणांत ग्राहकाकडून कॅप्टनवर आलेला दबावही नोंदवला. ज्याच्या घाईसाठी हे झाले त्याच्या माणसांचाही त्यात अंत झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मालकाच्या 'हो'ला 'हो' म्हणणारा वैमानिक मालकाची सेवा करीत नाही. तो त्याचा घात करतो.

दुसरी घटना ३१ मे २०१४ ची, बोस्टनजवळच्या बेडफर्ड विमानतळावरची. हेही गल्फस्ट्रीमच. येथे कोणी घाई केली नव्हती, कोणी दटावले नव्हते. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने त्याची पाती हलू नयेत म्हणून एक अडसर लावतात. तो काढायचा राहिला, आणि विमान जमीन सोडीना. सात जण मृत्यू पावले. उड्डाणापूर्वी सुकाणू सर्व बाजूंना फिरवून पाहण्याची साधी तपासणी केली असती तर अडसर तेव्हाच कळला असता. नोंदयंत्रातील आकडे पाहिले तेव्हा आढळले की आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के वेळा ही तपासणी पूर्णपणे केलीच नव्हती. दोघे वैमानिक अनुभवी होते आणि वर्षानुवर्षे एकत्र उडत होते. एकमेकांवर इतका विश्वास की विचारायचेच सोडून दिले! पौलाने कलस्सैच्या मंडळीतील दासांना लिहिले होते की माणसे पाहत असतील तेवढ्यापुरते काम करू नका, प्रभूचे भय बाळगून सरळ मनाने करा. जेथे पाहणारा कोणी नसतो तेथेच या वचनाची परीक्षा होते, मग ती जागा विमानाची असो की शाळेच्या हजेरीपटाची.

आता कोणी म्हणेल, "मग निकाल लागला. मोठी कंपनी चांगली, खाजगी विमान वाईट." असा निकाल आम्ही देणार नाही, कारण तो खरा नाही.

प्रथम स्थैर्याची गोष्ट घ्या. सासऱ्यांच्या सल्ल्यामागे मोठी कंपनी बुडत नाही हा समज आहे. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेज पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालून १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. या कंपन्यांत हजारो माणसे होती आणि प्रत्येकाच्या घरी हप्ते होते. २०२० च्या साथीत तर मार्चअखेरपासून मेअखेरपर्यंत देशातील प्रवासी उड्डाणेच बंद राहिली. अमुक गावी जाऊ, व्यापार करू, कमाई करू, असे ठरवणाऱ्यांना याकोबाने विचारले होते की उद्या काय होईल हे तुम्हाला ठाऊक आहे काय. तो प्रश्न लहान जेटला जसा लागू आहे तसाच मोठ्या कंपनीलाही आहे.

दुसरी गोष्ट दबावाची. मोठ्या कंपनीत तो नाहीसा होत नाही. तो चेहरा बदलतो. तेथे कोणी खांद्यावर हात ठेवीत नाही, पण रोस्टर ठेवतो. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ एक प्रवासी विमान पडून पन्नास माणसे गेली. मुख्य चूक कॅप्टनच्या हातून झाली. पण चौकशीत दोघांचा थकवाही पुढे आला. सहवैमानिक तरुणी रात्रभर देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत प्रवास करून कामावर आली होती, आणि तिचा तुटपुंजा पगार हाही चर्चेचा विषय झाला. त्यानंतर तेथे विश्रांतीचे नियम कडक झाले.

आपल्या देशातही तेच झगडे आहेत. वैमानिकांच्या आठवड्याच्या सलग विश्रांतीचे तास ३६ वरून ४८ करणारे आणि रात्रीच्या उतरणीवर अधिक मर्यादा घालणारे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले. ते लांबत लांबत २०२५ साली जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत अमलात आले. आणि डिसेंबर २०२५ मध्ये काय झाले ते वाचकांना आठवत असेल. या नियमांना पुरतील इतक्या वैमानिकांची तजवीज नसल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि काही तरतुदी त्या कंपनीपुरत्या तात्पुरत्या सैल कराव्या लागल्या. विमानतळावर अडकलेल्यांचे हाल झाले हे खरेच. पण त्या गोंधळात आपल्यापैकी किती जणांच्या मनात आले की या नियमाच्या मुळाशी एका माणसाची झोप आहे? शब्बाथाची आज्ञा नीट वाचा. ती केवळ 'तू विश्रांती घे' असे सांगत नाही. तुझा दास, तुझी दासी, तुझे गुरेढोर, तुझ्या वेशीत राहणारा परका, या सर्वांना विश्रांती मिळू दे असे सांगते. जो दुसऱ्याच्या श्रमावर प्रवास करतो त्याच्यावरही ती आज्ञा बंधनकारक आहे.

तेव्हा दोन्ही घरांत उजेड आहे आणि दोन्ही घरांत अंधाराचे कोपरे आहेत. पवित्र शास्त्र आपल्याला या दोहोंतील एकाचे नाव काढून देत नाही. मग ते काय देते? प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायाकडे वळू. वैमानिकाच्या प्रश्नाला याहून जवळचा अध्याय आम्हाला ठाऊक नाही.

पौल कैदी म्हणून रोमला चालला आहे. तारू आलेक्सांद्रियाचे, त्यात गहू भरलेला. ऋतू उलटून गेलेला. उपासाचा दिवसही होऊन गेला आहे, म्हणजे समुद्रप्रवास धोक्याचा काळ आहे. क्रेत बेटाच्या एका बंदरात सर्व जण थांबले असता पौल सांगतो, पुढे जाण्यात माल, तारू आणि जीव यांची हानी आहे. पण शताधिपती त्याच्या बोलण्यापेक्षा तांडेल आणि तारवाचा धनी यांच्या बोलण्यावर अधिक भरवसा ठेवतो. बंदर हिवाळा काढायला सोयीचे नव्हते. बहुतेकांचे मत निघावे असे पडले. इतक्यात दक्षिणेकडून मंद वारा सुटला, आणि आपला बेत साधलाच असे त्यांना वाटले. पुढे काय झाले ते संडेस्कूलच्या मुलालाही ठाऊक आहे. चौदा रात्री वादळ, गहू समुद्रात, तारवाचे तुकडे. देवाच्या कृपेने २७६ जीव मात्र वाचले.

या गोष्टीत धन्याने निघायचे म्हणावे हे समजू शकते. गहू त्याचा होता, तारू त्याचे होते. शताधिपती सैनिक, त्याला समुद्राचे ज्ञान नव्हते, म्हणून जाणत्याचे ऐकले यात त्याचा फारसा दोष नाही. पण तांडेलाचे काय? समुद्र त्याला ठाऊक होता. ऋतू त्याला ठाऊक होता. धनी आणि तांडेल यांचे मत एकच कसे पडले हे लूकाने लिहिलेले नाही, आणि आपणही त्याच्या मनात शिरू नये. एवढे मात्र खरे की त्या दिवशी तारवावर तांडेल एकच होता. धन्याचे काम माल पोहोचवणे हे होते. बहुमताला सोयीचे बंदर हवे होते. वारा तर क्षणभराचा. समुद्र पाहून 'नाही' म्हणण्याचे काम एकट्या तांडेलाचे होते, आणि ते झाले नाही. ते एका कैद्याला करावे लागले.

आमच्या मते तरुण वैमानिकाने, आणि त्याच्याबरोबर आपण सर्वांनी, नोकरी निवडताना हा प्रश्न प्रथम विचारावा : या जागी माझे 'नाही' माझ्याजवळ राहील काय? पगार किती, पद कोणते, मान किती, हे प्रश्न खोटे नाहीत. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असे प्रभूनेच सांगितले आहे. पण त्या हिशेबात एक रकाना आपण सोडून देतो. महिन्याला अमुक रुपये अधिक मिळतात, ते कशाबद्दल? कौशल्याबद्दल मिळत असतील तर आनंदाने घ्यावेत. पण माझे 'नाही' आगाऊ विकत घेण्यासाठी मिळत असतील तर ते फार थोडे आहेत. पिलाताला येशूत दोष आढळला नव्हता, आणि ते त्याने बोलूनही दाखवले होते. पण याला सोडले तर तू कैसराचा मित्र नाहीस, असे लोक ओरडले तेव्हा त्याचे 'नाही' संपले. त्याची खुर्ची वाचली. त्या दिवसापासून जग त्याचे नाव कशासाठी घेते हे आपण जाणतो.

त्या तरुणाला आम्ही एवढेच सुचवले की बोलणी करायला जाशील तेव्हा पगाराबरोबर हेही विचार : "मालक विमानात बसले आहेत, हवामान बिघडले आहे, आणि कॅप्टनने उड्डाण रद्द केले, असे यापूर्वी कधी झाले आहे काय? झाले तेव्हा पुढे काय झाले?" त्याने विचारले. समोरचे गृहस्थ हसून म्हणाले, "आमच्याकडे तशी वेळच येत नाही." दोन महिने काय करावे ते कळत नव्हते, ते त्या एका वाक्याने कळले. आकाशाखाली उडणाऱ्या कोणत्याही माणसावर तशी वेळ येतेच. ती येत नाही असे जेथे म्हणतात, तेथे ती ओळखली जात नाही. तो गेला नाही. याची किंमत त्याने भरली आहे आणि भरतो आहे. घर अजून गहाण आहे, वडील अजून मधून मधून तो विषय काढतात, आणि रोस्टरमध्ये रविवार अजून क्वचितच येतो.

पण हाच प्रश्न विचारून दुसरा एखादा तरुण खाजगी विमानाकडे गेला तर तोही चुकला असे आम्ही म्हणणार नाही. असेही मालक आहेत जे कॅप्टनला पहिल्या दिवशीच सांगतात की हवामानाच्या गोष्टीत मी प्रवासी आणि तुम्ही धनी. अशी लहान विमानेही आहेत जी रोग्याला एका शहरातून दुसऱ्या शहरातील इस्पितळात नेतात, आणि एखाद्या मृत माणसाचे हृदय किंवा यकृत दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून वेळेत पोहोचवतात. तेथे तर दबाव अधिक कठीण, कारण घाई करणारा मालक नसतो, दया असते. रोग्यासाठी वादळात शिरून रोग्यासह चौघांना गमावणे ही दया नव्हे, हे त्या वैमानिकाला रात्री दोन वाजता आठवावे लागते. ज्याचे 'नाही' जागे आहे, त्याचीच तेथे गरज आहे.

काही वाचक निराळी शंका काढतील. एका श्रीमंताला ऐषआरामात फिरवण्यात ख्रिस्ती माणसाने आपली शक्ती खर्चावी काय? एका-दोघांसाठी इतके इंधन जाळावे काय? शंका योग्य आहे. प्रवासी विमानाच्या मानाने खाजगी जेटमध्ये माणशी इंधन कितीतरी अधिक जळते, आणि त्या धुराचा भार गरिबांच्या शेतावरही पडतो. ज्याचे मन हे मान्य करू शकत नाही त्याने त्या मनाविरुद्ध जाऊ नये. मात्र श्रीमंताच्या घरची चाकरी ही मुळातच अशुद्ध, असे शास्त्र म्हणत नाही. योसेफ पोटीफराच्या घरी होता. नहेम्या राजाचा प्यालेबरदार होता. ओबद्या तर अहाबासारख्या राजाचा घरकारभारी होता, आणि त्याच घरात राहून त्याने परमेश्वराचे शंभर संदेष्टे गुहांत लपवून अन्नपाण्यावर जगवले. या तिघांत एक गोष्ट समान आहे. धन्याचे अन्न त्यांनी खाल्ले, पण विवेक त्याला दिला नाही.

आणखी एक बाब सांगणे अवश्य आहे. जाण्याचा निर्णय झाला तर जावे कसे? विमान कंपन्या वैमानिकाला विशिष्ट विमानाचे शिक्षण देताना पुष्कळदा काही वर्षे नोकरी न सोडण्याचा बॉन्ड लिहून घेतात. २०१७ मध्ये महासंचालनालयाने कॅप्टनसाठी एक वर्ष आणि सहवैमानिकासाठी सहा महिने इतकी नोटिशीची मुदत ठरवली. मुदत लांब आहे, अन्यायाची आहे, असे पुष्कळांचे मत आहे. तसे असेल तर न्यायालयाचे दार आहे. पण आजारपणाचा खोटा दाखला देऊन घरी बसणे आणि गुपचूप दुसरीकडे रुजू होणे हा मार्ग आपला नव्हे. परमेश्वराच्या मंडपात कोण राहील, या प्रश्नाचे उत्तर देताना पंधरावे स्तोत्र त्या माणसाचे वर्णन करते जो आपले नुकसान झाले तरी शपथ मोडत नाही. नव्या जागी 'नाही' जपणार म्हणणाऱ्याने जुन्या जागेचा 'हो' आधी पाळावा.

शेवटी थोडे आपल्याविषयी, म्हणजे मंडळीविषयी. धन्याचा दबाव आपल्याला चटकन दिसतो. आपला दिसत नाही. वैमानिक सुटीवर गावी आला की आपण त्याच्या गणवेशाचे कौतुक करतो, पगार विचारतो, गाडी कधी घेणार विचारतो, आणि उपकारस्तुतीच्या सभेत त्याच्या देणगीकडे नजर ठेवतो. त्याला झोप मिळते काय, कॅप्टनशी मतभेद झाल्यावर त्याने तोंड उघडले काय, रविवार नसताना तो कोणत्या दिवशी देवाची भक्ती करतो, हे कोणी विचारते काय? क्रेतच्या बंदरात निघण्याचे मत केवळ धन्याचे नव्हते, बहुतेकांचे होते. त्या बहुतेकांत कधी कधी आपलीही नावे असतात. मुलाने कमी पगाराची पण सरळ जागा निवडली तर त्याला नादान म्हणू नये. आणि 'नाही' म्हटल्यामुळे कोणाची नोकरी गेली तर त्याच्या घरचे रेशन आणि मुलांची फी हा मंडळीचा प्रश्न व्हावा. हे करण्याची आपली तयारी नसेल तर त्याला धैर्याचा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

संडेस्कूलच्या शिक्षकांना एक विनंती. तुमच्या वर्गात 'मी वैमानिक होणार' म्हणणारे मूल असते. त्याला योनाचे आणि पौलाचे तारू दोन्ही शिकवा. पण त्याआधी दानीएलाचा पहिला अध्याय शिकवा. राजाच्या पंक्तीचे अन्न नको म्हणताना त्या मुलाने ताट भिरकावले नाही. खोजांच्या सरदाराला त्याने विनंती केली. त्याची अडचण ऐकल्यावर कारभाऱ्यापुढे दहा दिवसांच्या परीक्षेचा मार्ग ठेवला. आणि आपल्या निश्चयापासून तो ढळला नाही. 'नाही' हे उद्धट असावे लागत नाही. आदराने, कारण सांगून, दुसरा मार्ग पुढे ठेवून, पण ठामपणे ते म्हणता येते. ज्या मुलाला आपल्या वर्गात शिक्षकालाही नम्रपणे "बाई, हे मला पटत नाही" म्हणण्याची मुभा मिळते, तेच मूल पुढे तीस हजार फुटांवर आपल्या कॅप्टनला "सर, परत फिरू या" म्हणू शकते. जे मूल केवळ मान डोलवायला शिकले, त्याला ते शब्द ऐन वेळी सुचणार नाहीत.

कोणीही दोन धन्यांची चाकरी करू शकत नाही असे प्रभू म्हणाला. वैमानिकाला धनी असणारच, मग तो मोठी कंपनी असो की एक श्रीमंत गृहस्थ. प्रत्येक उड्डाणाआधी त्याने हे ठरवावे की ज्या धन्याने तारवातील २७६ जीव, त्यांत कैदी आणि सैनिकही, एकेक करून मोजले, त्याच्यापुढे आपण उभे आहोत. तेवढे ठरले की कोणत्या विमानात बसायचे हा प्रश्न कठीण राहील, पण भयंकर राहणार नाही.